पाळण्यातला वरवंटा

लातूर, २ ऑगस्ट २०२४

गोदू,

फोन करू नकोस म्हणालीस, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला, त्यात पत्राला मनाई नाही. उभा जन्म परराष्ट्र सेवेत काढलेल्या बाईला असली फट बरोबर सापडते. हसू येत असेल तर हस, मला काय इथून दिसणार आहे.

आपलं बोलणं तुटलं ते माझ्या अकरा जुलैच्या, लोकसंख्या दिनाच्या भाषणातल्या एका वाक्यावरून. त्या वाक्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त खुशाली. मी बरी आहे, माझी ताई, म्हणजे तुझी तारामावशी, बरी आहे, तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय आणि ती ऑपरेशन पुढे ढकलते आहे. माझी मोहीम जोरात आहे. निवृत्त राजदूत आत्मचरित्र लिहितात, मी गावोगाव हिंडून सांगते की माणसं कमी करा. ताई याला ‘उजूचं खूळ’ म्हणते. तिने जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला, माझ्या भाषणातला निम्मा मसाला तिचाच आहे, सभांनाही ती माझ्यासोबत येते, तरी खूळ माझं.

ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे या विषयाला पुरावा लागत नाही. माणसं वाढतात, बोअर खोल जातात, जमीन आहे तेवढीच राहते. पण नुसत्या बोलण्याने लोक हलत नाहीत. म्हणून मी तुझा पाळणा काढला. तोच, सागवानी, चारी कोपऱ्यांना लाकडी पोपट असलेला. माळ्यावर धूळ खात पडला होता. आमचा ड्रायव्हर मकसूद, त्याच्या मेव्हण्याने लोखंडी स्टँड करून दिला. भाषण संपलं की मी काही न बोलता पाळण्याची दोरी ओढते. रिकामा पाळणा झुलत राहतो, थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग मी म्हणते, “पृथ्वीला एवढाच विसावा हवा आहे.” इतकं परिणामकारक मला जिनिव्हातसुद्धा कधी जमलं नव्हतं.

काल निलंग्याकडच्या एका गावात होते. दोरी ओढली आणि बाया उठून गेल्या. गोंधळ नाही, निषेध नाही. पदर पोटावर घट्ट धरून एकेक जण निघाली. पुरुष बसून राहिले, पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे पाळण्याकडे बघत होते. भाषण लांबलं असेल.

तिकडे कॅनडात, तुझ्या हॅलिफॅक्सला आता ऊन असेल. उत्तर दिलंस तर आवडेल. पाकीट रिकामं पाठवलंस तरी चालेल.

आई


लातूर, २६ ऑगस्ट २०२४

गोदू,

एक गंमत सांगते. औशाच्या बाजूला एका गावात परवा सभा होती. शेषेराव म्हणून तिथले माजी सरपंच, त्यांनी शाळेच्या पटांगणात मांडव घातला. शाळा बंदच आहे, पोरं उरली नाहीत म्हणून. माझ्या विषयाला ही जागा जरा गैरसोयीची, पण राजदूताने जागेवरून कुरकुर करू नये. मी बोलत असताना मागून एक बाई म्हणाली, “पोरं तर आता दोनच करायलेत लोक. पाणी ऊस प्यायलाय, त्याला सांगा की!” मांडव हसला. शेषेराव सगळ्यात मोठ्याने हसले, त्यांचाच ऊस आहे. मीही हसले. हसता हसता टिपणाचं पान उलटून टाकलं, हे फक्त तुला सांगते.

मग मी दोरी ओढली. पाळणा हलला, पण जड. वाकून पाहिलं तर आत वरवंटा. पाट्यावरचा साधा काळा वरवंटा, मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, वरच्या टोकाला कुंची बांधलेली. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात ना, अगदी तसा सजवलेला. तू तुझं बारसं कशाला आठवशील. ते उशिरा झालं, तोवर मी नैरोबीला रुजू झाले होते, म्हणून मलाही आठवत नाही. ताईने सगळं केलं होतं.

मला वाटलं, हा खोडसाळपणा आहे आणि तो कुणाचा तेही ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात एक पुढारी घरी आले होते. म्हणाले, मॅडम, पाळणा आधी मकसूदच्या मोहल्ल्यात न्या, खरी गरज तिथे आहे. मकसूद चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्याला एक मुलगी आहे, नाजिया, नांदेडला फार्मसीला. मी पुढाऱ्यांना विचारलं, आपण भावंडं किती? नऊ, म्हणाले. मी म्हटलं, मग सुरुवात आपल्या वाड्यापासून करू. चहा न घेता गेले. सूड म्हणून दगड ठेवणं त्यांना शोभतं.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. कुंची हिरव्या खणाची होती, कडेला पांढरी लेस, डाव्या कानाचा बंद तुटलेला. तुझी अशीच होती. घरी येऊन ट्रंक उघडली तर तुझी कुंची ट्रंकेत नाही. ताई म्हणाली, “कसर लागली होती, कधीच टाकली.” माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुसरी गोष्ट. वरवंटा मी उचलून बाजूला ठेवला तेव्हा तो कोमट होता. आभाळ भरलेलं, मांडवात गार वारा, आणि दगड कोमट. कुणीतरी आत्ताच कुशीतून काढून ठेवावा तसा.

आई


लातूर, १७ सप्टेंबर २०२४

गोदू,

कुरिअरवाल्याने पावती दाखवली, तुझी सही आहे. म्हणजे पत्रं पोचतात. वाचतेस की नाही ते पावतीवर लिहून येत नाही.

दगड आता प्रत्येक सभेत असतो. मी तो त्या त्या गावात ठेवून येते, पारावर, शाळेच्या ओट्यावर, एकदा तर विहिरीच्या काठावर. पुढच्या गावात दोरी ओढली की पाळणा जड लागतो. तोच वरवंटा, एका टोकाला टवका उडालेला. तीच कुंची. मकसूदला विचारलं तर त्याने कानाला हात लावले. “मॅडम, अल्लाकसम, मी पाळण्याला हातबी लावलो न्हाई. मला त्याचं भ्या वाटतं.”

गाडी गावात शिरली की बाया दारं लोटून घेतात. एका घराच्या ओट्यावर धोंडाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती, ती तेवढी उठली नाही. मी विचारलं, कशाला घाबरता? ती म्हणाली, “तुम्हाला न्हाई घाबरत, बाई. तुमच्या गाडीत मागं बसलंय त्याला.” मागे कुणी नव्हतं. पाळणा होता.

घरी तो व्हरांड्यात असतो. दुपारी वारा नसताना कडी करकरते. मी पेपर वाचत असते, वर बघते, तो थांबत आलेला असतो. हलताना मी त्याला अजून पाहिलेलं नाही. थांबताना मात्र रोज पाहते.

आता ते वाक्य. मी भाषणात म्हणाले, “माझ्या स्वतःच्या मुलीने या पृथ्वीसाठी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आहे.” टाळ्या पडल्या. पेपरात चौकट आली, कुणीतरी व्हिडिओ केला, तो तुझ्यापर्यंत गेला.

तू असं काही ठरवलं नव्हतंस. तुझा गर्भ दोनदा टिकला नाही. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलातून तू मला फोन केला होतास आणि मी तुला म्हणाले होते, असू दे, यातही काही अर्थ असेल. मग मी त्याला अर्थ देऊन टाकला, माझ्या सोयीचा, माइकवरून. इतकं लिहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

आई


लातूर, ९ ऑक्टोबर २०२४

गोदावरी,

पूर्ण नावाने हाक मारते आहे, कारण मी रागावले आहे. तुझ्यावर, ताईवर आणि स्वतःवर, याच क्रमाने. संध्याकाळपर्यंत क्रम उलटेल.

काल निलंग्याजवळ सभा होती. मंडळी जमायची होती, मी गाडीत टिपणं चाळत बसले होते. काचेतून पाळणा दिसत होता. ताई आली, इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीतून वरवंटा काढला, कुंची नीट केली आणि पाळण्यात ठेवला. माझी ताई! जिने सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ‘साखर जास्त आहे’ म्हणून परत केला होता, जिने आम्हाला ग्रहणात अंगणात उभं करून सूर्य दाखवला, ती दगडाला नीट निजवत होती.

मी खाली उतरले. म्हटलं, “ताई, तू?”

चोरी पकडल्यासारखी तिने पिशवी पाठीमागे नेली. मग म्हणाली, “रिकामा पाळणा हलवू नये, उजू. लहानपणी आईने तुला या एकाच गोष्टीसाठी मारलं होतं, विसरलीस?”

“तू कधीपासून हे मानायला लागलीस?”

“मी मानत नाही.” तिने कुंची पुन्हा सारखी केली. “पण ज्या घरचा पाळणा, त्या घरच्या कुशीला लागतं म्हणतात. न मानणाऱ्यालाही भीती वाटतेच की. आपल्या घरात कूस एकच उरलीय.”

तेव्हा मला कळलं, बाकीचं ताईने सांगितलं. तुला दिवस गेलेत. तू मावशीला जुलैअखेरीस सांगितलंस आणि मला सांगू नकोस म्हणालीस. अकरा जुलैला मी टाळ्या घेत होते तेव्हा ते तुझ्या पोटात होतं, आणि मी त्याच्याच आईचा पाळणा रिकामा झुलवत होते.

प्रत्येक गावातून तो वरवंटा ताईच मागे राहून उचलून आणत होती. एका डोळ्याने दिसत नाही तरी. विहिरीच्या काठावरूनसुद्धा.

म्हणजे सगळ्याचा उलगडा झाला. पाळण्याला कुणी हात लावत नाही, वारा असतो. दगड ताईच्या पिशवीत अंगाला लागून कोमट होतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं. गोदू, बाळ कसं आहे? एवढं एकच सांग. मला नाही तर मावशीला सांग, मी दाराआडून ऐकेन.

आई


लातूर, २८ नोव्हेंबर २०२४

गोदू,

हे पत्र ताईला दाखवलेलं नाही.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी लातुरात झालं. त्याच दिवशी विष्णुपुरीला माझी सभा होती, धरणाच्या अलीकडच्या गावात. नांदेडहून माणसं येणार होती, पत्रकांवर पाळण्याचं चित्र छापून झालं होतं. ताई म्हणाली, “भाषण कर, पाळणा नेऊ नकोस.” मी म्हटलं, बरं. आणि नेला.

का, ते सांगते. मला वाटलं, आज भ्याले तर आजवर जे बोलले ते सगळं भीतीपुढे हरलं. पाळण्यामुळेच बाळं जातात म्हणावं तर तुझी दोन्ही गेली तेव्हा पाळणा माळ्यावर होता. हे मी मनाशी इतकं पटवून म्हटलं की जाण्यापूर्वी वरवंटा कुंचीसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. हे सगळं शुद्धीवर, सकाळी, चहा पिऊन केलेलं आहे.

सभा छान झाली. समोर गोदावरी अडवलेली, पाणी शिगोशिग. नैरोबीहून तुझं नाव कळवलं तेव्हा मला हीच नदी आठवत होती, परदेशात घराची आठवण म्हणून मी नदीच नावात घेतली. भाषणाच्या शेवटी माणसं आपोआप शांत झाली. मी दोरी हातात घेतली. माझा हात थांबला, गोदू. खरंच थांबला. पण पुढे कॅमेरे होते आणि मी त्यांच्यासमोर कधीच कचरले नाही. मी ओढली.

पाळणा जड लागला.

आत वरवंटा होता. टवका उडालेला. कुंची हिरवी, डावा बंद तुटलेला. पुढच्या रांगेत साखराबाई म्हणून एक बाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “झोपलंय बगा. नका हलवू.” त्या कुणाशी बोलत होत्या ते मला कळलं नाही. पाळणा माझ्या दोरीशिवाय हलत होता, संथ, एका लयीत. मी दोन्ही हातांनी कठडा धरला तेव्हा थांबला. धरायला जोर लावावा लागला.

मी दगड उचलून छातीशी धरला आणि गाडीत बसले. लातूर येईपर्यंत मांडीवर होता. मकसूदने आरशातून पाहिलं आणि विचारलं, “एसी बंद करू का, मॅडम?” मी हो म्हटलं. इतकं साधं विचारलं त्याने की मला रडू फुटलं.

घरी कपाटाचं कुलूप तसंच होतं. किल्ली गळ्यात. उघडलं, आत काही नव्हतं. ताई अजून हॉस्पिटलात होती, डोळ्यावर पट्टी बांधून, शेजारी बेगमबी, मकसूदची बायको, सोबतीला.

याचा उलगडा माझ्याकडे नाही. मी मागतही नाही. दगड कोमट आहे. तो इतके दिवस ताईच्या अंगाने कोमट होत होता असं मला वाटायचं. आता तो आपल्याआपण कोमट असतो.

आई


लातूर, १२ जानेवारी २०२५

गोदू,

मावशी सांगते, तुला पडून राहायला सांगितलंय, रक्त जातं. 

मोहीम सोडलेली नाही. ती सोडण्यासारखी नाही. पाणी खोल गेलं आहे ते गेलंच आहे. पण पाळणा आता घरीच असतो आणि भाषणात उसाचंही बोलते. शेषेराव आता सभेला बोलावत नाहीत. गेल्या सभेत, लातुरातच, मी उभी राहून म्हणाले की माझ्या मुलीबद्दल मी खोटं बोलले होते, तिला मूल हवं होतं आणि ते तिचं तिला हवं होतं, पृथ्वीने त्यात पडायचं कारण नाही. टाळ्या पडल्या नाहीत. पेपरात आलं नाही. व्हिडिओ कुणी केला नाही, म्हणून इथे लिहिते.

दिवसभर मी दगड मांडीवर घेऊन बसते. खाली ठेवला की पाळण्याची कडी करकरते, म्हणून ठेवत नाही. माजी राजदूत वरवंटा मांडीवर घेऊन बसलीय म्हणून गल्लीत हसत असतील. हसू देत. तुला मी असं कधी घेऊन बसले नाही, तुला ताई घेऊन बसायची. माझ्या हातांना कसं धरायचं तेच ठाऊक नव्हतं, दगडावर शिकते आहे.

तो कोमट आहे तोवर सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले आहे. ताईला हे सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. तिने नुसता हात लावून पाहिला आणि म्हणाली, “हो, आहे.”

आई


लातूर, ८ फेब्रुवारी २०२५, सकाळ

गोदू,

दगड गार पडला.

उठले तेव्हा कुशीत होता. गार, पाट्यावरच्या कुठल्याही दगडासारखा. मी गालाला लावला, उन्हात धरला, पदरात गुंडाळला. गार. ताईला हाक मारायचं धाडस होत नाही. ती न्हाणीघरात आहे, पाण्याचा आवाज येतोय. तिने विचारलं तर काय सांगू.

अजून तारीख व्हायला वेळ होता ना? मावशी म्हणाली होती महिना आहे.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. बोलू नकोस, येऊ नकोस, जन्मभर फोन करू नकोस. फक्त

ताईचा फोन वाजतोय. तिचं पाणी चालू आहे, तिला ऐकू येत नाही. मला उचलायला हवा.


तोच दिवस, दुपार

गोदू,

तू काही बोलली नाहीस. मी ‘हॅलो’ म्हटलं, मावशीऐवजी मी आहे हे तुला कळलं, तू श्वास घेतलास आणि मला वाटलं आता ठेवशील. तू फोन बाळाच्या तोंडाशी धरलास.

केवढा आवाज आहे तिला! भरल्या सभेला माइक लागणार नाही. मी न्हाणीघराच्या दारावर थापा मारल्या, ताई तशीच ओल्या केसांनी बाहेर आली आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एका फोनला कान लावून उभ्या राहिलो. मकसूद दारात आला, त्याला वाटलं कुणी गेलं. आम्ही तशाच रडत होतो.

महिना आधी आली म्हणजे बारीक असेल. ऊब देत राहा तिला. मी सांगायला नको, तिथे डॉक्टर आहेत.

वरवंटा ताईने स्वयंपाकघरात नेला. म्हणाली, बाळ आलं की दगडाचं काम संपलं, असंच असतं. त्यावर तिळाची चटणी वाटली. मी खाल्ली, चांगली झाली होती. कुंची मात्र सापडली नाही. रात्री दगडावर होती, सकाळी नव्हती. अंथरूण झटकलं, पलंग सरकवला, ताईने पुन्हा ट्रंकही पाहिली. आम्ही आता शोधत नाही.

पाळणा व्हरांड्यात रिकामा आहे. तो मी खांबाला दोरीने करकचून बांधून ठेवला आहे. गाठ मी सोडणार नाही, ताईलाही सोडू देणार नाही. ती तू येऊन सोड.

आई